पुस्तक गहाळ, माणूस हजर

विद्यापीठ ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांची कार्यप्रेरणा, वरिष्ठांचं नेतृत्व आणि प्रत्यक्ष कामगिरी यांवर आपल्याकडे पीएच.डी.चे इतके प्रबंध झाले आहेत की त्यांना वेगळं कपाट लागावं. हे प्रबंध बहुधा त्याच ग्रंथालयांत ठेवलेले असतात, जिथल्या लोकांनी त्यांच्या प्रश्नावल्या भरून दिल्या. आपल्याबद्दल काय निष्कर्ष निघाला हे मात्र त्या लोकांना क्वचितच कुणी जाऊन सांगतं.

पुढचा संवाद मी रचलेला आहे, पण बोलणारे दोघं राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठात भेटतील. मॅडम उपग्रंथपाल आहेत आणि त्यांची पीएच.डी. याच विषयातली. काका त्याच ग्रंथालयात परिचर म्हणून लागले आणि ग्रंथालय सहायक म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं ते कर्मचारी संघटनेत होते. दोघांना एकमेकांबद्दल आदर आहे, पण पटत मात्र नाही.

मॅडम: काका, संघटनेच्या व्यासपीठावरून तुम्ही जन्मभर एकच सांगत आलात. आधी पदं भरा, मग कामाचं बोला. अहो, पदं भरलेली होती तेव्हा काय होतं? खुर्चीवर रुमाल टाकून माणूस चहाला गेला की तासाभरानं उगवायचा आणि वाचक काउंटरवर ताटकळत. पगार पूर्ण, नोकरी कायम, पेन्शनची हमी. कमी कशाची होती?

काका: होते तसे दोन-चार. नाही म्हणत नाही. संघटनेनं त्यांना पाठीशी घातलं हेही खरं. पण त्या दोन-चारांच्या नावानं तुम्ही बाकीच्यांचा हिशेब करता. आज देवघेवीच्या काउंटरवर कोण आहे? अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी. तिच्याशेजारी कमवा आणि शिका योजनेतला विद्यार्थी, त्याचं लक्ष घड्याळाकडे, कारण त्याला लेक्चर आहे. आत पुस्तकं लावायला एकच परिचर, तो पुढच्या वर्षी निवृत्त.

मॅडम: आणि ती करारावरची मुलगी कायम लोकांपेक्षा जास्त काम करते, तुटपुंज्या मानधनावर. म्हणजे पगारानं काम होत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

काका: सिद्ध काय झालं? भीती सिद्ध झाली. दहावा महिना लागला की तिचा आवाज बदलतो, कधी नीट ऐका. सगळ्यांना 'हो सर, हो मॅडम'. याला तुमच्या प्रबंधात प्रेरणा म्हणतात का?

मॅडम: नाही म्हणत. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये नेमका हाच फरक मांडला. पगार, नियम, देखरेख, नोकरीची शाश्वती या गोष्टी कमी पडल्या की माणूस वैतागतो. पण त्या भरपूर दिल्या म्हणून तो कामात जीव ओतेल असं नाही. जीव ओततो तो वेगळ्या कारणांनी. काम जमल्याचं समाधान, कुणी घेतलेली दखल, अंगावर टाकलेली जबाबदारी. तुम्ही पहिल्या यादीसाठी भांडलात. दुसरीकडे कुणी बघितलंच नाही.

काका: हे त्यानं कुणाला विचारून ठरवलं?

मॅडम: पिट्सबर्ग परिसरातल्या दोनशेच्या आसपास इंजिनिअरांना आणि हिशेबनिसांना.

काका: त्यांचा पगार वेळेवर होत असणार. ज्याला पहिली यादी मिळालीय त्यानं दुसरीवर बोलावं. आमच्या लोकांनी फेब्रुवारी 2023 मध्ये संप केला तो कशासाठी? आश्वासित प्रगती योजना आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी. आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसतात, काम तेच. एक नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला, त्याला जुनी पेन्शन. दुसरा नंतर लागलेला, त्याला नाही. मग दखल घ्या, पाठ थोपटा, काय वाट्टेल ते करा.

इथे काका भारी पडतात असं वाटेल. मलाही वाटलं. पण मॅडमची अडचण खरी आहे. पदभरती, वेतनश्रेणी, पेन्शन यांतलं काहीही उपग्रंथपालाच्या हातात नाही. ते मंत्रालयात ठरतं. मग मंत्रालयातून उत्तर येईपर्यंत ग्रंथालयात बसलेल्या वरिष्ठानं करायचं काय? हा प्रश्न काकांच्या संघटनेनं कधी विचारला नाही, कारण त्यावर मोर्चा निघत नाही.

काका: बरं, तुमच्या प्रश्नावलीचं सांगतो. माझ्या नोकरीत अशा पुष्कळ भरल्या. पाच रकाने. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. 'माझे वरिष्ठ मला प्रोत्साहन देतात.' आता हा कागद वाटायला कोण आलंय? वरिष्ठांच्या केबिनमध्ये चहा पिऊन बाहेर पडलेला संशोधक. गोळा कोण करणार? वरिष्ठांचा शिपाई. मी काय खूण करणार? सगळ्यांनी पहिल्या रकान्यात टिक मारली आणि जेवायला गेलो.

मॅडम: आमच्या प्रश्नावलीवर नाव लिहायचं नव्हतं.

काका: अक्षर होतं की. आणि पदनाम होतं. ग्रंथालय सहायक, वय पन्नासच्या वर, पुरुष. असे आम्ही दोघंच होतो.

मॅडमनी यावर उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नाही. नेतृत्व उत्तम आणि समाधान उच्च, असा निष्कर्ष ज्या अभ्यासांत येतो, त्यांतले कितीतरी या पहिल्या रकान्यावर उभे असतील.

मॅडम: ठीक आहे, प्रश्नावली सोडा. माणसं सांगते. वर एक माणूस योग्य आला की खालचं सगळं हलतं. रंगनाथनच घ्या ना.

काका: रंगनाथन मलाही माहीत आहेत. दर 12 ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार मीच घालायचो. गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले, मला परत घ्या म्हणाले. बरोबर? म्हणजे त्या आठवड्यात तुमची प्रश्नावली त्यांना दिली असती तर कार्यप्रेरणेत साफ नापास.

मॅडम: नापास.

काका: मग त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली?

मॅडम: नाही. आधी प्रशिक्षणाला लंडनला जाऊन या, आल्यावरही कंटाळा येत असेल तर परत घेऊ, असं ठरलं.

काका: त्यांना लंडन. आम्हाला चार दिवसांच्या कार्यशाळेला जायचं तर 'काउंटर कोण बघणार' असा शेरा मारून अर्ज परत.

मॅडम: पण लंडनला जाऊन आलेले पुष्कळ होते, रंगनाथन एकच झाले. तिकडे त्यांनी पाहिलं की ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचं गोदाम नाही, सगळ्या थरांतली माणसं तिथे येतात आणि पुस्तक घेऊन जातात. परत आल्यावर त्यांनी मद्रासमध्ये वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. 1931 मध्ये पाच नियमांचं पुस्तक काढलं, त्यातला पहिलाच नियम पुस्तक वापरात यायला हवं असं सांगणारा. कंटाळलेला माणूस बदलला तो पगारवाढीनं नाही. आपण करतोय ते कशासाठी, हे दिसलं म्हणून बदलला.

काका: मान्य. आता बनारसचं सांगा. तिथल्या विद्यापीठात गेल्यावर त्यांनी एक लाखाच्या घरात ग्रंथांचं वर्गीकरण आणि तालिका स्वतः केल्याचं सांगतात. आमच्या एका जुन्या साहेबांना हा किस्सा फार आवडायचा, दर भाषणात असायचा. मला नाही आवडत. एक लाख पुस्तकांवर एकाच माणसाचा हात फिरला, तर बाकीचे काय करत होते? साहेब सगळं स्वतःच करतात म्हटल्यावर खालचा माणूस काय करतो ठाऊक आहे? साहेबांकडे बघत बसतो.

मॅडम: ते अपवादात्मक होते.

काका: म्हणून तर म्हणतो, अपवादाचं उदाहरण देऊन बाकीच्यांना लाजवू नका.

काकांचा हा आक्षेप मला रंगनाथनांपेक्षा त्यांच्या भक्तांवरचा वाटतो. मद्रासमध्ये रंगनाथनांनी 1929 पासून ग्रंथालय प्रशिक्षणाचे वर्गही चालवले, म्हणजे दुसऱ्यांना तयार करण्याचं मोल त्यांना कळत होतं. पण जयंतीच्या भाषणात तो भाग येत नाही. एकट्यानं रात्रंदिवस राबण्याचा येतो. आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की असा पुतळाच डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्या पुतळ्याच्या सावलीत बाकीच्यांना निवांत झोप लागते.

मॅडम: मग तुम्हीच सांगा, तुमच्या मते चांगला वरिष्ठ कोण?

काका: जो तीन महिन्यांत जात नाही तो. हसू नका. ग्रंथपालाचं पद रिक्त, कार्यभार कुणाकडे? एखाद्या विभागाच्या प्राध्यापकाकडे, अतिरिक्त म्हणून. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं त्या खुर्चीला ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक असं भारदस्त नाव मिळालं, पण पाटीवर नावाआधी 'प्रभारी' आहेच. प्रभारी माणूस सही करताना थरथरतो. त्याला एकच काळजी, माझ्या काळात काही अंगाशी येऊ नये. तुमच्या पुस्तकात ते परिवर्तनकारी नेतृत्व का काय असतं ना? आमच्याकडे परिवर्तन म्हणजे प्रभारी बदलणं.

मॅडम: यात तुमचं माझं दुमत नाही. पण कायम माणूसही थरथरतो, काका. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. गहाळ पुस्तकं.

आता खरा मुद्दा आला. बाहेरच्या माणसाला ग्रंथालयातली ही भीती कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुस्तक आलं की त्याला दाखलांक मिळतो आणि ते विद्यापीठाची मालमत्ता होतं, खुर्ची-टेबलासारखी. पडताळणीत ते सापडलं नाही तर लेखापरीक्षक आक्षेप काढतो. आक्षेप वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्या निवृत्तीच्या कागदांपर्यंत पोचू शकतो. केंद्र सरकारचे 2017 चे सामान्य वित्तीय नियम याबाबतीत बरेच समंजस आहेत. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या वा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले तर ते रास्त धरावं, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. पन्नास हजारांहून जास्त ग्रंथ असतील तर सरसकट मोजणीही नको, तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी पुरे. राज्यातल्या विद्यापीठांना त्यांची स्वतःची लेखासंहिता आहे, पण हा विचार उचलायला हरकत कसली?

उलट यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत ग्रंथपालांच्या पदोन्नतीसाठी जे मूल्यमापन आहे त्यात एक निकष गहाळ पुस्तकांचा आहे. अर्ध्या टक्क्याहून कमी गहाळ तर शेरा चांगला, एक टक्का किंवा जास्त तर असमाधानकारक. म्हणजे ग्रंथपालाची बढती पुस्तक सुखरूप राहण्यावरही अवलंबून. आणि पुस्तक सुखरूप ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते कुणाला न देणं.

मॅडम: म्हणून संदर्भ विभागातली कपाटं कुलपात. मी आल्यावर तीन कपाटं उघडायला लावली. किल्ली ज्याच्याकडे होती त्यानं मला लेखी आदेश मागितला.

काका: बरोबर केलं त्यानं. उद्या पुस्तक गेलं तर तुमचं तोंडी वाक्य पुरावा होत नाही.

मॅडम: मी लेखी दिला.

काका: तेच सांगतोय मी. तुम्ही लेखी दिलात म्हणून तो माणूस आज त्या विभागात उत्साहानं काम करतो. तुम्हाला वाटतं तुमच्या प्रोत्साहनामुळे. अहो, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

मॅडम: मग ते नेतृत्वच झालं की!

काका: असेल. आम्ही त्याला सही म्हणतो.

या वाक्यावर दोघं पहिल्यांदा एकाच बाजूला आले, पण तसं कबूल कुणी केलं नाही. मला मात्र इथे थांबून एक काउंटर दाखवायचा आहे.

एक विद्यार्थिनी ना-देय दाखल्यासाठी येते. तिच्या नावावर एक पुस्तक आहे, ते एसटीत राहिलं. ते आता छापलं जात नाही. तिनं त्याच विषयावरचं नवीन पुस्तक विकत आणलंय, किंमत मूळ पुस्तकाच्या तिप्पट. काउंटरवरच्या माणसाला दिसतंय की हा सौदा ग्रंथालयाच्या फायद्याचा आहे. पण नियमात 'तेच पुस्तक किंवा दंड' असं आहे, आणि दंडाची रक्कम ठरवायला छापील किंमत लागते, ती दाखल नोंदवहीत अठरा रुपये आहे. अठराची पावती फाडली तर लेखापरीक्षक विचारणार. नवीन पुस्तक घेतलं तरी विचारणार. तो सांगतो, 'साहेब आल्यावर या.' साहेब प्रभारी, ते त्यांच्या विभागात. विभागात परीक्षा. मुलगी पंढरपूरहून आलेली. ती दुसऱ्या दिवशी येते, तिसऱ्या दिवशी तिचे वडील येतात आणि आवाज चढतो. संध्याकाळी काउंटरवरचा माणूस घरी जाताना ठरवून टाकतो की यापुढे आपण फक्त 'साहेब आल्यावर या' एवढंच म्हणायचं. हा माणूस आळशी नव्हता. आता होईल.

मॅडम: त्याच्या गोपनीय अहवालात काय लिहिलं जातं माहितीये? 'वाचकांशी वर्तन: साधारण.'

काका: आणि ते त्याला कळतही नाही. म्हणजे कळायचं नाही. 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवायला हवा. 'चांगला' असा शेरासुद्धा, कारण बढतीला 'अतिशय चांगला' लागत असेल तर नुसता 'चांगला' माणसाला खाली खेचतो. त्यानंतर शेरे कळायला लागले. पण मी जो फॉर्म भरत आलो त्यात वक्तशीरपणा, सचोटी, आज्ञाधारकता सगळं होतं. किती वाचकांना हवं ते पुस्तक मिळवून दिलं, हा रकाना नव्हता.

मॅडम: तो मोजायचा कसा? काउंटरवरची आकडेवारी दरवर्षी घटतेय. नियतकालिकं संगणकावर गेली. एक राष्ट्र एक वर्गणी योजना 2025 च्या जानेवारीत सुरू झाली, तीन वर्षांना सहा हजार कोटी, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. संशोधक वसतिगृहातून उघडतो, ग्रंथालयात फिरकत नाही. वाचनकक्ष मात्र पहाटेपासून भरलेला. एमपीएससीची मुलं, पुस्तकं त्यांची स्वतःची. त्यांना आमच्याकडून टेबल, पंखा आणि पाणी हवंय.

काका: मग कामगिरी घटली म्हणायची का वाढली?

मॅडम: तेच मला कळत नाही. रात्री बारापर्यंत वाचनकक्ष सांभाळणाऱ्याचं काम कुठल्या रकान्यात घालू?

काका: आणि आतल्या रॅकवरच्या माणसाचं? परवा गेलो होतो. 891.462 मध्ये 891.463 घुसलेलं, नाटकांच्या ओळीत पाच कादंबऱ्या. संगणक म्हणतो पुस्तक उपलब्ध आहे, वाचक म्हणतो नाही. परिचरानं जाता जाता हात घालून पाचही काढल्या, चष्मा न लावता, पाठीच्या रंगावरून. हे तुमच्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. पुढच्या वर्षी तो गेला की ही पाच पुस्तकं तिथेच मरतील, आणि पडताळणीत गहाळ निघतील. जागेवर असून गहाळ.

मॅडम: त्याला मी नव्या मुलांना हे शिकवायला सांगितलं होतं. नको म्हणाला.

काका: का म्हणाला विचारलंत?

मॅडम: नाही.

काका: मी विचारलं. म्हणाला, शिकवलं तर ती मुलं अकरा महिन्यांनी जाणार. पुढच्या बॅचला परत शिकवा. किती वेळा शिकवू?

मॅडमना वाटतं की माणसाला हेतू दिसला की तो काम करतो. काकांना वाटतं की माणसाला हक्क मिळाला की करतो. परिचराच्या उत्तरानं दोघांचीही पंचाईत केली. त्याला कामाचा हेतू दिसतो आहे, हक्कही बऱ्यापैकी मिळाले आहेत. तरी तो थांबला, कारण त्याच्या शिकवण्याला पुढे टिकून राहणारा माणूसच नाही. इथे मात्र काकांचं 'पदं भरा' उरतंच, कितीही शिळं वाटलं तरी.

पण काउंटरवरच्या त्या माणसाचा प्रश्न पदं भरून सुटणार नाही. दहा नवे लोक आणून बसवा, दहाही जण 'साहेब आल्यावर या' म्हणायला शिकतील. त्याला एका ठरावीक रकमेपर्यंतचा दंड माफ करण्याचा, दुर्मीळ नसलेल्या हरवलेल्या पुस्तकाऐवजी दुसरं योग्य पुस्तक स्वीकारण्याचा आणि तसं नोंदवहीत लिहून सही करण्याचा अधिकार द्या. त्यातून झालेलं नुकसान त्याच्या माथी मारलं जाणार नाही, असं लेखी द्या. यासाठी नवी पदं लागत नाहीत आणि मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. ग्रंथालय समितीचा ठराव, वित्त विभागाची संमती आणि एका पानाचं परिपत्रक एवढ्यात हे बसतं. कर्मचाऱ्यांत प्रेरणा नाही म्हणणाऱ्या वरिष्ठांनी आधी हे पान काढलं आहे का ते तपासावं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानाला वक्ता बोलवायचा तर नंतर बोलवा.

आणि या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या प्रश्नावलीत पाच रकान्यांच्या वर एकच प्रश्न जास्तीचा घाला: 'गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतःच्या अधिकारात घेतलेला एक निर्णय लिहा.' उत्तरासाठी अर्धं पान मोकळं सोडा, आणि ते कागद वरिष्ठांच्या शिपायाकडून नव्हे, स्वतः जाऊन गोळा करा.